नदीत सोडलेलं कधी पोचतं आणि कधी संपतं : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात नद्यांच्या पाण्यावर लेख आला त्यावर बरीच पत्रं आली, मेसेजही आले, आणि बहुतेकांचा प्रश्न फिरून फिरून एकाच जागी येतो, की वर कुठेतरी काहीतरी पाण्यात मिसळलं तर ते खाली आमच्यापर्यंत कधी येणार, किती येणार आणि किती वेळ येत राहणार. सगळी पत्रं घेता आली नाहीत. जी घेतली ती थोडी छोटी करून देतोय.

"आमची नळपाणी योजना नदीवर आहे. जॅकवेलच्या (नदीचं पाणी उपसायच्या विहिरीच्या) वर १४ किलोमीटरवर एक नाला मिळतो, त्यातून अधूनमधून रात्री काळं पाणी सुटतं. वरच्या गावातून फोन आला की आम्ही तयारीत राहतो. पात्राच्या मधोमध लाकडाचा तुकडा टाकून वेग मोजला, सेकंदाला ४१ सेंटिमीटर आला, म्हणजे साडेनऊ तास. तेव्हा पंप बंद करून दोन तासांनी चालू केला तर चालेल ना? आम्हाला सांगितलंय की अंतर भागिले वेग, झालं." – पाणीपुरवठा समितीचे सदस्य, सांगली जिल्हा

नाही दादा, चालणार नाही, आणि हे जरा सविस्तर सांगतो कारण यात गावाच्या तब्येतीचा प्रश्न आहे.

पहिली गोष्ट, तरंगणारा तुकडा पात्राच्या मधल्या, वरच्या, सगळ्यात जोरात धावणाऱ्या पाण्याचा वेग सांगतो. तळाजवळचं आणि काठाजवळचं पाणी हळू असतं. म्हणून तुकड्याच्या वेगाला ०.८५ ने गुणायची पद्धत आहे, तसं केलं की तुमचा सरासरी वेग साधारण ३५ सेंटिमीटर येतो आणि १४ किलोमीटरला ११ तास लागतात. आता तुमचा बेत बघा, साडेनऊ तासांनी बंद, साडेअकरा तासांनी चालू. म्हणजे सगळ्यात घाण पाणी जॅकवेलवरून जाऊन जेमतेम अर्धा तास होतोय तेवढ्यात तुम्ही पंप सुरू करणार.

दुसरी गोष्ट, ते काळं पाणी एका गोळ्यासारखं येत नाही. मधलं पाणी पुढे पळतं, काठचं मागे राहतं आणि त्याच वेळी खळबळीमुळे मधलं काठाकडे आणि काठचं मध्ये अशी सारखी देवाणघेवाण चालू असते, त्यामुळे विरघळलेला पदार्थ नदीच्या लांबीला ताणला जातो. याला डिस्पर्शन म्हणतात. नुसत्या रेणूंच्या हालचालीने, म्हणजे फिक या शास्त्रज्ञाने १८५५ साली नियम मांडला त्या डिफ्यूजनने, मीठ स्थिर पाण्यात एक मीटर पसरायला दहाएक वर्षं लागतील, तेव्हा नदीत जे काही पसरणं दिसतं ते जवळजवळ सगळं वेगातल्या फरकाचं काम आहे. हे पहिल्यांदा नीट हिशोबात बसवलं ते जी. आय. टेलर या इंग्रज शास्त्रज्ञाने, १९५३ साली, बारीक नळीत पोटॅशियम परमँगनेटचं जांभळं पाणी सोडून. त्यातून एक गोष्ट निघाली जी पहिल्यांदा ऐकली की उलटी वाटते: आडव्या दिशेने मिसळणं जितकं जोरात तितकं लांबीला ताणणं कमी, कारण कुठलाही कण फार वेळ जोरातल्या पाण्यात किंवा फार वेळ हळू पाण्यात राहतच नाही. तुमच्यापैकी जे ठिबकमधून विद्राव्य खत सोडतात ते शेवटी थोडा वेळ नुसतं पाणी चालू ठेवतात ना, त्यामागे हाच टेलर आहे, खताची शेपूट नळीत मागे रेंगाळत असते.

नदीसाठी हा हिशोब १९५९ साली एल्डर या संशोधकाने केला, पण त्याने फक्त वरचं पाणी आणि तळाचं पाणी यांच्या वेगातला फरक धरला. मग १९६० च्या दशकात ह्यूगो फिशरने दाखवलं की नदी खोलीपेक्षा कितीतरी रुंद असते, त्यामुळे मध्य आणि काठ यातला फरक खरा महत्त्वाचा. किती महत्त्वाचा ते तुमच्याच नदीवर बघू. समजा रुंदी ४० मीटर, सरासरी खोली सव्वा मीटरच्या आसपास, उतार किलोमीटरला ४० सेंटिमीटर. एल्डरच्या सूत्राने डिस्पर्शनचा गुणांक, म्हणजे पसरण्याचा जोर सांगणारा आकडा, येतो सेकंदाला अर्धा चौरस मीटर, फिशरच्या सूत्राने येतो साधारण २६. पन्नासपट! फिशरचं सूत्रसुद्धा प्रत्यक्ष मोजमापापेक्षा चारपट इकडेतिकडे जाऊ शकतं हे लक्षात ठेवा, पण पल्ला कळायला ते पुरतं. २६ धरून ११ तासांनी तो काळा पट्टा नदीत साधारण पावणेसहा किलोमीटर लांब झालेला असतो, म्हणजे जॅकवेलवर त्याचं तोंड नवव्या तासाच्या सुमारास दिसायला लागतं, ११ तासांनी सगळ्यात जास्त, आणि साडेतेरा तासांनी संपायला हवं.

"संपायला हवं" हे सूत्राचं म्हणणं झालं. नदी तसं करत नाही, आणि मला या सगळ्यात सगळ्यात जास्त जे सांगायचंय ते हेच आहे. सूत्रातून येणारा आलेख दोन्हीकडे सारखा उतरतो, घंटेच्या आकाराचा. खऱ्या नदीत घेतलेले नमुने कागदावर मांडले की चढ खडा असतो आणि उतार लांबत लांबत जातो, तासन् तास. कारण काही पाणी कडेच्या डोहात गोल फिरत बसतं, काही जलपर्णीच्या आणि लव्हाळ्याच्या मुळांत शिरतं, काही वाळूगोट्यांच्या थरात खाली उतरून पुढे कुठेतरी परत वर येतं. पट्टा येतो तेव्हा या सगळ्या जागा घाण पाणी आत घेतात, पट्टा गेला की हळूहळू परत सोडतात. त्या शेपटात पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसतं, वास पण गेलेला असतो, आणि बरोबर तेव्हाच माणसं पंप चालू करतात.

तुमच्या मधल्या १४ किलोमीटरमध्ये कोल्हापूर पद्धतीचा बंधारा असेल (सांगलीत नसेल असं धरणंच चुकीचं) आणि त्याला बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातलेले असतील तर वरचा सगळा हिशोब बाजूला ठेवा. बंधाऱ्यामागे ३ किलोमीटर लांब, ४० मीटर रुंद आणि २ मीटर खोल पाणी तुंबलंय असं धरा, ते झालं २ लाख ४० हजार घनमीटर, आणि उन्हाळ्यात नदीत सेकंदाला २ घनमीटरच पाणी येत असेल तर त्या एका फुगवट्यातून पाणी पार व्हायला सरासरी ३३ तास लागतात. शिवाय तिथे पाणी बऱ्यापैकी मिसळून जातं, त्यामुळे ३३ तासांनी घाण संपलेली नसते, ३७ टक्के अजून आतच असते, आणि ५ टक्क्यांवर यायला चार दिवस. असे दोन बंधारे एकामागे एक असले तर विचार करा. आणि कोणी मधेच बरगे काढले तर सगळं गणित परत बदलतं, तेव्हा बरगे कधी काढणार हा निरोपही तुमच्या समितीला यायला हवा.

मग करायचं काय? सोपं आहे. एक कंडक्टिव्हिटी मीटर घ्या, म्हणजे पाण्यातून वीज किती सहज जाते ते मोजणारा, साधा टीडीएस (विरघळलेले क्षार दाखवणारा) मीटरही चालेल. रोज सकाळ-संध्याकाळ जॅकवेलजवळ नदीचं रीडिंग वहीत लिहून ठेवा म्हणजे नेहमीचा आकडा कळतो. वरून फोन आला की वेगाच्या हिशोबाने येणाऱ्या वेळेच्या निदान तीन तास आधी पंप बंद, नंतर दर अर्ध्या तासाला रीडिंग, आणि आकडा नेहमीच्या जागी परत येऊन स्थिर झाल्याशिवाय पंप चालू करायचा नाही. घड्याळ बघून नाही, मीटर बघून. एक मर्यादा सांगून ठेवतो, हा मीटर क्षार ओळखतो, जंतू किंवा कीटकनाशक ओळखत नाही, म्हणून लॅबला नमुना पाठवायचा तो आलेख वर असताना एक आणि शेपटात एक असे दोन पाठवा.

"आमच्या गावाच्या समोरच्या काठाला, दोन किलोमीटर वर, शहराचा नाला मिळतो. आमचा काठ वेगळा आहे. तरी आम्हाला त्रास होतो का?" – एक वाचक, कराड

दोन किलोमीटरवर तुमच्या काठाला त्याचा थोडाच भाग पोचत असेल, आणि ज्यांची विहीर किंवा पंप नाल्याच्याच काठाला आहे त्यांना मात्र जवळजवळ न पातळ झालेलं पाणी मिळत असेल. काठावरून सोडलेली गोष्ट सगळ्या रुंदीत सारखी मिसळायला किती अंतर लागतं त्याचंही एक सूत्र आहे, रुंदीच्या वर्गावर चालतं ते, म्हणजे रुंदी दुप्पट तर अंतर चौपट. वरच्या उत्तरातलीच ४० मीटरची नदी घेतली आणि नेहमीची नागमोडी वळणं धरली तर साडेचार किलोमीटर लागतात, पात्र कालव्यासारखं सरळ असेल तर १८ किलोमीटरसुद्धा. नाला काठाला न सोडता पाइप टाकून पात्राच्या मधोमध सोडला तर हेच अंतर चौथाईवर येतं.

यातून एक गोष्ट निघते ती कागदोपत्री फार दुर्लक्षित राहते. नमुना कुठल्या काठावरून घेतला हे लिहिलंच नाही तर त्या रिपोर्टला काही अर्थ नाही. पुलावर उभं राहून मधोमध बादली सोडली आणि पाणी चांगलं आलं म्हणून नाल्याच्या काठची माणसं सुरक्षित आहेत असं कुणी म्हणत असेल तर ते मान्य करू नका. त्याच पुलावरून डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे अशा तीन जागी कंडक्टिव्हिटी मोजा, तिन्ही आकडे एक आले तरच मिसळलंय.

"मी जिल्हा परिषद शाळेत विज्ञान शिकवते. शाळेमागे ओढा आहे, दिवाळीपर्यंत वाहतो. मुलांना घेऊन हे प्रत्यक्ष करता येईल का? महागडं सामान नाही." – शिक्षिका, जुन्नर तालुका

ताई, तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला, हे नक्की करा. अर्धा किलो साधं मीठ, एक बादली, एक मीटर, मोबाइलमधलं घड्याळ आणि वही, एवढंच लागतं.

ओढा दोन मीटर रुंद, वीतभरापेक्षा थोडा कमी खोल आणि सेकंदाला ५० लिटर वाहणारा असेल असं धरून आकडेमोड देतो. मीठ बादलीत पूर्ण विरघळवून घ्या, तळाला खडे राहता कामा नयेत, आणि सगळी बादली एकदम, जिथे पाणी खळखळतं अशा जागी मधोमध ओता. मुलं खाली दीडशे मीटरवर उभी करा. पंधरा मिनिटांच्या आसपास आलेख टोकाला जाईल, तेव्हा मीठ लिटरला साधारण ५० मिलिग्रॅमने वाढलेलं असेल आणि कंडक्टिव्हिटी १०० मायक्रोसीमेन्सने, कारण साध्या मिठाच्या प्रत्येक मिलिग्रॅमला ती साधारण २ ने वाढते. हे तुमच्या मीटरवर आधी तपासून घ्या. एक लिटर पाण्यात १० ग्रॅम मीठ विरघळवा, त्यातलं १० मिलिलिटर ओढ्याच्या एक लिटर पाण्यात घाला, झालं १०० मिलिग्रॅमचं पाणी, आता मीटर कितीने वाढला ते लिहा. मीटरला टीडीएस आणि ईसी (म्हणजे कंडक्टिव्हिटी) अशी दोन बटणं असतील तर ईसीवर ठेवा, टीडीएसचा आकडा तो आतल्या आत ईसीवरूनच काढतो. पिण्याच्या पाण्यात आपल्या मानकाप्रमाणे क्लोराइड लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आहे, त्यामुळे दीडशे मीटर खाली काही मिनिटांपुरती एवढी वाढ काळजीची नाही, तरीपण ओतण्याच्या जागेजवळ कोणी पाणी भरत नाहीये, गुरं पीत नाहीयेत हे बघून घ्या.

पहिली दोन मिनिटं सोडली तर दर दहा सेकंदाला रीडिंग. एक मूल घड्याळ बघेल, एक आकडा वाचेल, एक लिहील. आणि कृपा करून टोक आलं, आकडा उतरायला लागला म्हणून मुलांना परत बोलावू नका! निदान तेवढाच वेळ आणखी थांबा, नेहमीचा आकडा परत येईपर्यंत, कारण ओढ्याची ओळख सगळी त्या उतारात आहे.

आलेखातून दोन गोष्टी काढता येतात. एक, ओढ्यातून किती पाणी वाहतंय ते. प्रत्येक रीडिंगमधली मिठाची वाढ गुणिले दहा सेकंद, सगळ्याची बेरीज करा आणि टाकलेल्या मिठाला तिने भागा. ५०० ग्रॅम टाकलं आणि बेरीज दर लिटरला १० ग्रॅम-सेकंद आली तर ओढा सेकंदाला ५० लिटर. रुंदी नको, खोली नको, वेग नको, खडकाळ ओढ्यात जिथे काठी घालून खोली मोजणंच अवघड तिथे तर ही पद्धत बाकी सगळ्यांपेक्षा बरी. मात्र मीठ रुंदीभर मिसळलेलं पाहिजे, आणि शेपूट कापली तर बेरीज कमी भरते आणि ओढा आहे त्यापेक्षा मोठा दिसतो.

दुसरी गोष्ट, ती शेपूट. मुलांना इथे कॅलिफोर्नियातल्या उवास क्रीकची गोष्ट सांगा, आपल्या ओढ्यांसारखाच आहे तो, गोट्यांचा, डोह आणि खळाळ यांचा. १९७२ साली उन्हाळा संपताना त्यात सेकंदाला जेमतेम साडेबारा लिटर पाणी होतं. तिथे तीन तास क्लोराइडचं पाणी ठरलेल्या गतीने सोडलं आणि खाली ६१९ मीटरपर्यंत पाच ठिकाणी नमुने घेतले. वरच्या ठिकाणी चढ-उतार खडे आले, खाली जाता जाता चढ मऊ होत गेला आणि उतार कितीतरी लांबला, सोडणं तीन तासांत थांबलं होतं तरी शेवटच्या ठिकाणी क्लोराइड त्यानंतर बराच वेळ येतच राहिलं. साध्या अ‍ॅडव्हेक्शन-डिस्पर्शनच्या, म्हणजे वाहून जाणं आणि पसरणं एवढंच धरणाऱ्या, समीकरणात ते कसंही बसेना. बेंकाला आणि वॉल्टर्स यांनी १९८३ साली त्या आकड्यांवर एक वेगळं मॉडेल बसवलं: मुख्य प्रवाह एक, आणि त्याला चिकटून एक न वाहणारा कप्पा, दोघांत अदलाबदल चालू. प्रवाहात जास्त आणि कप्प्यात कमी असेल तर पदार्थ आत जातो, उलट असेल तर बाहेर येतो, जितका फरक तितका वेग. एवढीच कल्पना, पण आलेख बसला. तो कप्पा म्हणजे डोह, शेवाळ, आणि गोट्यांखालचं ते पाणी ज्याला आता हायपोरिक झोन म्हणतात. पुढे अमेरिकेच्या भूशास्त्र खात्यातल्या रंकेलने १९९८ साली याच मॉडेलचा ओटिस नावाचा प्रोग्राम काढला, फुकट मिळतो.

तुमच्या मुलांनी पावसाळ्यात एकदा आणि ओढा आटायच्या आधी एकदा असं केलं तर दिसेल की पाणी कमी झालं की शेपूट लांबते. आलेख आले की आमच्याकडे जरूर पाठवा, छापू.

"सर, बीटेक फायनल इयरचा प्रोजेक्ट आहे. एक्सेलमध्ये अ‍ॅडव्हेक्शन-डिस्पर्शनचं समीकरण सोडवलं, नदीचे २० मीटरचे तुकडे, म्हणजे सेल, करून. डिस्पर्शनचा गुणांक शून्य टाकला तरी पट्टा पसरतोच. कोड तर बरोबर आहे, तीनदा चेक केला." – विद्यार्थी, नागपूर

कोड बरोबरच असणार तुझा. तू अपविंड पद्धत वापरली असशील, म्हणजे प्रत्येक सेल आपल्या वरच्या सेलकडे बघून पुढचा आकडा काढतो, आणि प्रत्येक स्टेपला २० मीटरच्या सेलमध्ये जे आलं ते सगळीकडे सारखं पसरलं असं धरतो. हे पसरणं नदीचं नाही, गणिताचं आहे, याला न्यूमेरिकल डिस्पर्शन म्हणतात. त्याचा आकडाही काढता येतो: वेग गुणिले सेलची लांबी भागिले दोन, आणि त्याला एक वजा कूरंट नंबर (एका टाइम स्टेपमध्ये, म्हणजे हिशोबाच्या एका पावलात, पाणी सेलच्या लांबीच्या किती पट पुढे जातं तो आकडा) याने गुणायचं. वेग सेकंदाला ०.४ मीटर आणि सेल २० मीटर असेल, टाइम स्टेप अगदी छोटी असेल, तर हे येतं सेकंदाला ४ चौरस मीटर. सहा मीटर रुंद, फूटभर खोल ओढ्याला फिशरचं सूत्र पावणेतीनच्या आसपास देतं. म्हणजे गणिताची चूक नदीपेक्षा मोठी झाली, आणि वाईट हे की टाइम स्टेप बारीक केली की ती वाढते, मुलं तर अचूकता वाढेल म्हणून आधी तीच बारीक करतात.

सेल २ मीटरचे कर, कूरंट नंबर एकच्या जवळ पण खाली ठेव, आणि डिस्पर्शनची पायरी पण एक्स्प्लिसिट पद्धतीने, म्हणजे पुढचा आकडा थेट मागच्या आकड्यांवरून काढून, सोडवत असशील तर ती स्थिर राहते ना ते वेगळं बघ, सेल बारीक झाले की तिला टाइम स्टेप फारच लहान लागते. तसं होत असेल तर क्रँक-निकोल्सन पद्धतीवर जा, ओटिस पण तेच वापरतं. आणि आधी फक्त एका ठिकाणी एकदम टाकलेल्या पदार्थाचं तयार उत्तर आहे, पाठ्यपुस्तकात असतं ते, त्याच्याशी तुझं उत्तर जुळवून बघ. ते जुळलं की मगच वर उवास क्रीकच्या गोष्टीत सांगितलेल्या कप्प्याचं दुसरं समीकरण जोड. गाइडने मोजलेल्या आलेखावर डिस्पर्शनचा गुणांक वाढवत नेऊन शेपूट बसवायला सांगितली तर नम्रपणे सांग की तसं केलं की पट्टा खऱ्यापेक्षा लवकर पोचलेला दिसतो, पुढची बाजू बिघडते. शेपटीसाठी कप्पाच लागतो.

"मासे नाल्याच्या तोंडाशी मरत नाहीत, तिथून पंचवीस-तीस किलोमीटर खाली मरतात. मग दोष आमच्या भागातल्या कोणाचा, असं म्हणून सगळे हात झटकतात." – मच्छीमार सोसायटीचे सभासद, कोल्हापूर जिल्हा

तुमची शंका अगदी रास्त आहे आणि याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वीचं आहे. १९२५ साली स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी अमेरिकेतल्या ओहायो नदीवर हे मांडलं. मळीचं किंवा सांडपाणी नदीत आलं की त्यातलं सेंद्रिय खायला जिवाणू लागतात आणि ते पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन वापरतात, पण लगेच सगळा नाही, दिवसादिवसाने. दुसरीकडून हवेतून नवा ऑक्सिजन पाण्यात येत असतो. दोन्हीची ओढाताण चालू असताना पाणी मात्र पुढे पुढे वाहत असतं. म्हणून ऑक्सिजनचा सगळ्यात खालचा बिंदू नाल्याशी नसतो, खाली असतो.

आकड्यात सांगतो. सेंद्रिय कुजण्याचा दर दिवसाला ०.४ आणि हवेतून ऑक्सिजन भरून येण्याचा दर दिवसाला १.२ धरला तर सगळ्यात वाईट वेळ येते १.३७ दिवसांनी, म्हणजे ३३ तासांनी. सेकंदाला ३० सेंटिमीटर वाहणाऱ्या नदीत तेवढ्या वेळात पाणी ३५ किलोमीटर गेलेलं असतं. तुम्ही म्हणता त्याच पल्ल्यात. उन्हाळ्यात पाणी गरम झालं की कुजण्याचा दर वाढतो, गरम पाण्यात मुळात ऑक्सिजन कमी मावतो, बंधाऱ्यामागे पाणी संथ झालं की हवेतून येणंही मंदावतं, आणि पहाटे तर शेवाळाने रात्रभर ऑक्सिजन घेतलेला असतो, म्हणून मासे पहाटे वर येऊन तोंड उघडतात.

तुम्ही मासे मेलेल्या जागचं पाणी तपासायला देता ते बरोबर, पण तेवढ्याने काम होणार नाही. तिथून मागे मागे, दर चार-पाच किलोमीटरवर, त्याच सकाळी ऑक्सिजन मोजत वर जायचं. वर जाता जाता आकडा हळूहळू चांगला होत जातो, आणि जिथे तो नेहमीच्या पातळीला येऊन थांबतो, नाला त्याच्याच आसपास असतो. तारीख, वेळ, काठ आणि पाण्याचं तापमान यासकट असा ओळीने घेतलेला तक्ता समोर ठेवला की हात झटकणं अवघड जातं.

"मी बाझेलमध्ये राहतो, इथे अजून १९८६ च्या आगीची आठवण काढतात. तेव्हा खालच्या देशांना कळवायला काही मॉडेल नव्हतं का?" – एक वाचक, स्वित्झर्लंड

तेव्हा आजच्यासारखं नव्हतं. १ नोव्हेंबर १९८६ ला पहाटे बाझेलजवळच्या श्वाइत्सरहाले इथे सँडोझ कंपनीच्या गोदामाला आग लागली, आत १३०० टनांहून जास्त रसायनं होती, बरीचशी कीटकनाशकं. आग विझवायला मारलेलं पाणी ती घेऊन ऱ्हाइन नदीत गेलं, रंगद्रव्यामुळे नदी लाल झाली. नदीत गेलेल्या कीटकनाशकांचा अंदाज १० ते ३० टन असा आहे. ईल मासे शेकडो किलोमीटरपर्यंत मेले, पट्टा साधारण आठवडाभरात नेदरलँड्सच्या सीमेपर्यंत गेला आणि खालच्या जलशुद्धीकरण केंद्रांना नदीचं पाणी घेणं थांबवावं लागलं.

त्यानंतर ऱ्हाइनच्या काठच्या देशांनी मिळून ऱ्हाइन अलार्म मॉडेल बनवलं. त्यातलं मला भावतं ते हे की त्यांनी पुस्तकातल्या सूत्रावर भागवलं नाही, नदीत मुद्दाम रंग सोडून, शेकडो किलोमीटर पाठलाग करून वेग आणि पसरणं प्रत्यक्ष मोजलं आणि ते आकडे मॉडेलमध्ये घातले. काठाकडच्या दगडी धक्क्यांमध्ये अडकून राहणाऱ्या पाण्यामुळे पट्टा मागे कसा पडतो तेही त्यात धरलंय. आज वर कुठे काही सांडलं तर कुठे, किती, आणि पाण्याची पातळी काय एवढं घातलं की खालच्या प्रत्येक ठिकाणी तोंड कधी, टोक कधी आणि शेवट कधी हे निघतं. आपल्याकडे कृष्णा, भीमा, पंचगंगा या नद्यांवर बंधाऱ्यांसकट असं रंग सोडून मोजलेलं, गावांना उघड दिसणारं मॉडेल हवं असं मला मनापासून वाटतं, आणि त्याला काही फार मोठं यंत्र लागत नाही, नदीवर उभी राहणारी माणसं लागतात.

"मिठाऐवजी रंग टाकला तर? होळीचा रंग चालेल का?" – जुन्नरच्याच शाळेतला विद्यार्थी

होळीचा रंग नको, त्यात काय असतं कोणाला माहीत नसतं आणि बराचसा तर विरघळतच नाही, तळाला बसतो. शास्त्रज्ञ रोडामाइन डब्ल्यूटी किंवा युरानिन वापरतात. युरानिन उन्हात फिका पडतो, म्हणून तो जमिनीखालच्या पाण्याला जास्त बरा, जर्मनीत १८७७ साली तो १० किलो आणि सोबत मीठ डॅन्यूब नदी जमिनीत जिरते तिथे टाकला होता, साठेक तासांनी बारा किलोमीटर लांबच्या झऱ्यात हिरवं पाणी निघालं. बाजारात मिळणारा रोडामाइन बी हा वेगळा, खाण्यात घालायला बंदी असलेला, तो ओढ्यात अजिबात टाकायचा नाही. आणि तुझ्या ओढ्यात रंग टाकायचाच असेल तर आधी ग्रामपंचायतीला आणि खालच्या वस्तीला सांगावं लागेल, नाहीतर लाल पाणी बघून लोक घाबरतील. तू मीठच घे.